चारशे ऐन

माझा पुतण्या झाडं लावतो. खड्डा नाही, शेणखत नाही. माऊसची एक क्लिक, की शंभर. जागेवर नुसतं करवंदीचं रान असतं तेव्हाच तिथल्या बंगल्यांची चित्रं कॉम्प्युटरवर तयार करायची, हा त्याचा धंदा. मळवलीजवळच्या एका स्कीमचं चित्र त्याने कौतुकाने दाखवलं. मागे विसापूर ओळखू आला. पुढे मेपल, बर्च आणि पाइन.

"अरे, लोणावळं की लंडन?"

"काका, लायब्ररीत असतात ती झाडं लावतो. ऐन, हिरडा कोण ठेवतंय?"

झाडं चारशे, पण मूळ नग चारच. बाकीच्या प्रती; कुणाला जरा फिरवायचं, कुणाला बुटकं करायचं. जुळ्यांना वेगळे शर्ट घालावेत तसं. झाड वाढतं तेही नियमाने. अरिस्टिड लिंडनमायर या शास्त्रज्ञाने 1968 साली शेवाळासारख्या साध्या जीवांच्या वाढीचं व्याकरण मांडलं : एका खुणेच्या जागी ठरलेल्या खुणा लिहायच्या आणि तेच पुन्हा पुन्हा करायचं. पुढे याच व्याकरणातून पडद्यावर फांदीला फांदी फुटू लागली. व्याकरणाला पालवी फुटते हे आमच्या मास्तरांनी सांगितलं असतं, तर मीही लक्ष दिलं असतं.

मावळातल्या ऐनाचं व्याकरण मात्र कोयता ठरवतो. भाताच्या राबासाठी त्याच्या फांद्या जातात, मग खोडालाच पालवीचे झुबके फुटतात. न्हावी अर्ध्यातून उठून गेलेलं गिऱ्हाईकच जणू. "ऐन मी देतो," मी फुशारकी मारली.

झाडाभोवती फिरत दीड-दोनशे फोटो काढायचे, त्यातून कॉम्प्युटर आकार जुळवतो. ऊन नको, नाहीतर सावल्या सालीवर कायमच्या बसतात. ढगाळ हवा हवी, म्हणजे इथला जुलै! पण इथले ढग वर थांबत नाहीत, खाली येतात. पहिल्या दिवशी झाडच सापडेना. पुतण्या म्हणाला, जुन्या गेममध्ये लांबचं चित्र काढायला कॉम्प्युटरची ताकद पुरायची नाही, म्हणून तिथे धुकं सोडायचे. पावसाळ्यात लायन्स पॉइंटला येणारे लोक तेवढंच बघतात आणि चिक्की घेऊन परत जातात.

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या बांधावरचा ऐन दिसला. साल अगदी मगरीच्या पाठीसारखी. पुतण्या फोटो काढत गोल फिरतोय, मी छत्री धरून मागे. आवणीतल्या बायका चिखलात हात थांबवून बघायला लागल्या.

"वटपौर्णिमा झाली की ओ मागंच! आन् ह्यो वड न्हाई!"

तात्या धावत आले. "झाड रस्त्यात जातंय का?" अनोळखी माणूस झाडाभोवती घुटमळला की मावळात दुसरा प्रश्न सुचत नाही.

आठ दिवसांनी पुतण्याने फोनवर चित्र पाठवलं. चारशे ऐन! सालीची भेग न् भेग, शेवाळाचा हिरवा ओघळसुद्धा जागच्या जागी. आणि प्रत्येक ऐनाच्या छातीवर खिळ्याने ठोकलेली पत्र्याची पाटी : 'एन.ए. प्लॉट विकणे आहे'. खाली अर्धा पुसलेला नंबर. झाडं फिरवलेली, त्यामुळे चारही दिशांना तोंड करून पाट्याच पाट्या. फोटो काढताना आमच्या दोघांच्याही ती डोळ्यांत भरली नव्हती. सवयच झाली आहे.

पुतण्या पाटी खोडायला बसलाय. त्याआधी मी ते चित्र तात्यांना दाखवून आलो. त्यांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं.

"हां, हे आपलं मावळ," म्हणाले. मग हळूच, "पर एवढ्या पाट्या? गुंठ्याला काय भाव चाललाय?"