गिझर लागलाय का गं?

निळं म्हणजे चालू, राखाडी म्हणजे बंद. एवढंही ज्याला कळत नाही त्याला आपण काय करणार, असं मी बारा वर्षं मीटिंगांमधून ठासून सांगत आले. मोबाइलवरची बटणं कशी दिसावीत हे ठरवणं हाच माझा धंदा. त्यामुळे म्हैसूरमधल्या विजयनगरच्या घरातले गिझर, पंखे, दिवे मी फोनवर आणले, तेव्हा सासूबाई आता माझी दृष्ट काढतील अशी माझी खात्री होती.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसात त्यांचा फोन. "गिझर लागलाय का गं?"

"फोनवर काय दिसतंय, आई?"

"'बंद' असं लिहिलंय."

"मग बंद आहे."

"की दाबलं तर बंद होईल?"

मी गप्प. बटणावर आहे ती स्थिती लिहायची की होणारी कृती, या प्रश्नावर आमच्या धंद्यातली जाणती माणसं अजून भांडतात. मी आपली म्हटलं, तिथल्या खुणा बघा. उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. (1 आणि 0 वरून आलंय ते.) त्यावर त्या म्हणाल्या, "रेघ म्हणजे काट मारलेली ना? आणि पूज्य बरं बंद असेल, देवाचं तेही पूज्यच."

खरं तर घोळ भाषेपासूनच आहे. दिवा लाव म्हणजे उजेड कर, दार लाव म्हणजे बंद कर. रेडिओ लावला की बोलतो, कडी लावली की दार मुकं होतं. कुकर लावला की कामाला लागतो, गाडी लावली की थांबते. नळ सोडला की सुरू, नोकरी सोडली की पगार बंद. 'विझव' म्हणणं अशुभ, म्हणून दिवा आम्ही घालवतो, आणि देवापुढचा असेल तर शांत करतो. कन्नडकडे दाद मागावी तर 'आरिसु' म्हणजे विझव, आणि 'आरिसु' म्हणजेच निवडही! शिवनसमुद्रची वीज 1902 साली कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे निघाली, तेव्हाच कोणीतरी क्रियापदं ठरवून घ्यायला हवी होती. खटक्याचंही तेच. आपल्याकडे खाली केला की दिवा लागतो, अमेरिकेत वर केला की. नणंदेकडे महिनाभर राहून आल्यावर मी आठवडाभर अंधारात जेवायला वाढत होते.

असो. त्या दिवशी मी वैतागून म्हटलं, "शब्द सोडा हो, रंग सांगा. निळं की राखाडी?"

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही.

"दोन्ही सारखंच दिसतं गं."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंगच फिका पडतो, असं डॉक्टर म्हणाले. गेले कित्येक महिने त्या घरात मोजून वावरत होत्या: डावीकडून तिसरं बटण पंख्याचं, चौथं ट्यूबचं. मी त्यांची ती मोजणीच काढून घेतली होती आणि बदल्यात एक गुळगुळीत काच दिली होती. त्या काचेवरची राखाडी छटा निवडायला मला दोन आठवडे लागले होते. "किती शांत दिसते," असं मीच म्हणाले होते.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी त्यांना राजवाड्यावर नेलं. सातला जवळजवळ लाखभर दिवे एकदम लागले. त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "लागले बघ! याला म्हणतात चालू. हे ज्यानं केलं ना, त्याच्याकडे शिक."

आता त्यांना सगळं लख्ख दिसतं. माझ्या बटणांतल्या चुकासुद्धा. तरी गिझरच्या भिंतीवरच्या जुन्या खटक्याला, खालच्या बाजूला, त्यांनी एक जाड लाल टिकली चिकटवलीय. पहाटे चष्मा न लावता न्हाणीघराकडे जाताना माझंही बोट हल्ली तीच चाचपतं.