सात फुटांची महापालिका

लंडनमध्ये घरभाडं भरता भरता मेटाकुटीला आलेल्या माणसाला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: नॅरोबोट, म्हणजे जेमतेम सात फूट रुंदीची लांबट बोट, घे आणि कालव्यावर राहा. घरमालकाची कटकट नाही, शेजारी पटला नाही तर दोर सोडायचा आणि पुढे सरकायचं, शिवाय सकाळी खिडकीत बदकं. सल्ला देणारा स्वतः बहुधा तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्याच्या नळाला चोवीस तास पाणी असतं. बदकांबद्दल माझी काही तक्रार नाही, ती खरीच येतात. पण या व्यवहारात माणूस जे विकत घेतो ते घर नसतं. तो एक छोटी महापालिका विकत घेतो, तिचा आयुक्त होतो, आणि आठवड्याभरात त्याला कळतं की इथे गटारही आयुक्तानेच उपसायचं असतं.

पाणीपुरवठा खात्यापासूनच सुरुवात करू. बोटीच्या टाकीत काहीशे लिटर पाणी मावतं. ते संपत आलं की काठावरच्या ठरावीक नळापर्यंत अख्खं घर चालवत न्यायचं, स्वतःची नळी जोडायची आणि टाकी भरेपर्यंत, मागे दुसरी बोट खोळंबलेली असताना, निर्विकार चेहऱ्याने उभं राहायचं. मलनिःसारण खातं तर थेट हातातच येतं. पुष्कळ बोटींवर कॅसेटचा संडास असतो: साधारण २० लिटरचा डबा, भरला की मूठ धरून उचलायचा, काठावरच्या एल्सन नावाच्या मोरीत ओतायचा, विसळायचा आणि परत आणून बसवायचा. या एका प्रश्नावर बोटवाल्यांत तीन पंथ आहेत: कॅसेटवाले, पैसे देऊन पंपाने टाकी उपसून घेणारे आणि कंपोस्टवाले. तिन्ही पंथांची माणसं एकत्र बसली की दुसऱ्या चहाच्या आत विषय तिथे येतोच आणि प्रत्येकाला उरलेले दोघे घाणेरडे वाटतात. वीज येते छपरावरच्या सोलर पॅनेलमधून. डिसेंबरात इंग्लंडचा सूर्य दुपारी चारच्या सुमाराला गाशा गुंडाळतो, तेव्हा इंजिन चालवून बॅटऱ्या भराव्या लागतात. पण आजूबाजूला बोटी असतील तर रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन लावायचं नाही असा दंडक आहे. म्हणजे भारनियमनाचं वेळापत्रक आयुक्तानेच काढायचं आणि अंधारात त्यानेच बसायचं. भिंती पोलादाच्या: सहसा तळाला १० मिलिमीटर, बाजूंना ६ आणि केबिनला ४. आत कोळशाची शेगडी पेटलेली, बाहेर दंव, मग माणसाच्या श्वासाचं पाणी होऊन गादीखाली जमतं. पाणीपुरवठा एवढ्या एकाच बाबतीत अखंड असतो.

ही तंगी कुणा बोटबांधणाऱ्याच्या कद्रूपणातून आलेली नाही. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडलीने मध्य इंग्लंडात कालवे आखले तेव्हा त्यांची लॉक, म्हणजे बोटीला वर-खाली नेणारे दरवाजेबंद हौद, साधारण ७ फूट रुंद आणि ७२ फूट लांब ठेवली गेली, कारण अरुंद कालव्याला खणाई कमी लागते आणि पाणीही. कोळसा आणि चिनी मातीची भांडी न्यायला हे माप झकास होतं. संसार मांडण्याचा विचार त्यात कुणी केलेला नव्हता. पुढे रेल्वेने वाहतुकीचे भाव पाडले, नावाड्याला काठावर वेगळं घर परवडेना, आणि बायकापोरं बोटीत आली. माल ठेवून उरलेल्या दहाएक फुटांच्या केबिनमध्ये अख्खं कुटुंब. जॉर्ज स्मिथ नावाच्या सुधारकाने यावर इतका गहजब केला की १८७७ साली पार्लमेंटने कायदाच केला: अशा बोटींची नोंदणी करा, आणि एका केबिनमध्ये किती माणसांनी राहायचं ते ठरवा. तेव्हा जी आरोग्य खात्याची डोकेदुखी होती, तिचीच आज जीवनशैली म्हणून जाहिरात होते. मधल्या काळात केबिन लांब झाली आणि राहणाऱ्याचं शिक्षण वाढलं, एवढाच फरक.

या मधल्या काळात हे स्वप्न रंगवून दिलं ते एल. टी. सी. रोल्ट यांनी. त्यांचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ साली आलं, वाचणाऱ्यांना कालव्याचं वेड लागलं आणि १९४६ मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन उभी राहिली. मोडकळीला आलेले कालवे वाचले याचं मोठं श्रेय या मंडळींना द्यायलाच हवं. मात्र भटकंतीच्या या आद्य पुरस्कर्त्याची ‘क्रेसी’ ही बोट १९४१ पासून सुमारे पाच वर्षं टार्डेबिग इथे एकाच जागी बांधलेली होती. त्यात त्यांचा काही दोष नाही. युद्ध चालू होतं, नोकरी होती. नोकरी आजच्या बोटवाल्यालाही असतेच, फक्त त्याला नोटीस येते.

कारण अतिक्रमण खातं तेवढं आयुक्ताच्या ताब्यात नाही. ते आहे कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टकडे. २०१२ साली इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग सरकारी ब्रिटिश वॉटरवेजकडून या धर्मादाय संस्थेकडे आले. बोट बांधायला ज्याच्याकडे कायमची जागा नाही, त्याला १९९५च्या कायद्याची अट आहे: बोट खरोखर प्रवासासाठीच वापरायची आणि एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. वाजवी कारण असेल तर सवलत मिळते. वर्दळीच्या जागी मात्र मुदत याहूनही कमी असते. एक ठिकाण कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे कायदा सांगत नाही. ट्रस्टने आपल्या परीने खुलासा केला की वर्षभर २० मैलांपेक्षा कमी टापूत घुटमळणाऱ्याला आपण खरे प्रवासी आहोत हे पटवून देणं बहुधा जमणार नाही. २० मैल झाले म्हणजे पटेलच, असंही म्हटलेलं नाही. तेव्हा व्यवहारी सल्ला असा, की मुलासाठी शाळा निवडताना तिचा निकाल बघू नका, तिच्या दोन्ही अंगांना कालवा किती मैल आहे ते बघा. २०२४ पासून अशा बिनजागेच्या बोटींच्या परवान्यावर अधिभारही बसला आहे आणि तो टप्प्याटप्प्याने वाढतो आहे. आणि २०२५च्या उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा लीड्स-लिव्हरपूलसारख्या कालव्यांचे मोठे पट्टे वाहतुकीला बंदच करावे लागले. ज्यांनी दर पंधरवड्याला हलायचं, त्यांना हलू नका असं सांगण्याची वेळ आली.

बरं, हलायचं म्हणजे काय? वेगमर्यादा ताशी ४ मैल, आणि बांधलेल्या बोटींजवळून त्याहूनही हळू. लॉक आलं की विंडलास नावाचा हँडल घेऊन काठावर उतरायचं, झडपा उघडायच्या, पाणी समपातळीला आलं की पाठीने रेटून दरवाजा ढकलायचा. एका अरुंद लॉकमधून एकदा जाताना लाखभर लिटर पाणी खालच्या अंगाला जातं. रोल्ट जिथे मुक्कामी होते त्या टार्डेबिगला अशी ३० लॉक एकामागून एक आहेत. उतरताना बोटीची मागची बाजू दरवाजाखालच्या दगडी उंबऱ्यावर अडकली तर पाणी खाली जातं, शेपूट वरच राहते आणि घर नाकावर उभं राहतं. हा विनोद नाही, बोटी अशा बुडतात. बोटीला ढकलणाऱ्या पंख्यात काही गुंतलं तर इंजिन बंद करून मागचं झाकण उघडायचं आणि खांद्यापर्यंत हात गार पाण्यात घालून चाचपत कापून काढायचं: पिशव्या, दोर, गादीच्या स्प्रिंगा, मध्य इंग्लंडातल्या शहरांतून जाताना कधीमधी साडीसुद्धा.

‘काही म्हणा, स्वस्त तर पडतं!’ हा आक्षेप ठरलेला आहे. परवाना, विमा, दर चार वर्षांनी सुरक्षिततेचा दाखला, दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला काळा लेप, बॅटऱ्या, कोळसा, डिझेल हे सगळं मिळवूनही लंडनच्या भाड्यापेक्षा बोट अनेकांना स्वस्त पडते, हे मान्य. ती स्वस्त पडते कारण या हिशेबात प्लंबरचा, वायरमनचा आणि सफाई कामगाराचा पगार कुणी धरतच नाही. विकायला काढली की आणखी एक गोष्ट लक्षात येते: घराची किंमत त्याच्या खालच्या जमिनीमुळे चढते, आणि बोटीखाली जमीन नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बोटीवर वर्षानुवर्षं आनंदाने राहणारी माणसं आहेत, आपण किती पाणी वापरतो आणि किती घाण करतो हे त्यांना नेमकं ठाऊक असतं, आणि मागचा-पुढचा बोटवाला अनोळखी असला तरी दोर धरायला धावतो. हे सगळं खरं. ज्याला मुळात आयुक्त व्हायचंय त्याच्यासाठी नॅरोबोटीसारखी मौज नाही. माझं भांडण आहे ते ज्यांना फक्त राहायला छप्पर हवंय त्यांना आयुक्तपदाची वस्त्रं नेसवण्याशी. शहराने परवडणारी घरं बांधायची नाहीत, भाडी आवरायची नाहीत, आणि मग ज्यांना जमिनीवर जागा उरली नाही त्यांच्या धाडसी स्वभावाचं रंगीत पुरवण्यांतून कौतुक करायचं, ही सोय कुणाची आहे ते उघड आहे. त्यातही कायदा त्यांना रहिवासी मानायला फारसा राजी नाही. त्याच्या लेखी ते प्रवासी आहेत आणि प्रवाशाने चालत राहावं.

या गोंधळाची कबुली सरकारने एकाच जागी दिली आहे, ती डिझेलच्या पंपावर. बोटवाल्याला लाल डिझेल, म्हणजे सवलतीच्या कराचं रंगवलेलं डिझेल, मिळतं. बोट चालवायला जेवढं वापराल त्यावर पूर्ण कर, दिव्याबत्तीला आणि ऊब मिळवायला वापराल त्यावर कमी. किती कशाला, हे ज्याने त्याने स्वतः सांगायचं असतं. आता त्याच इंजिनाने बोट चालते, तेच बॅटऱ्या भरतं आणि आंघोळीचं पाणीही तेच तापवतं, तेव्हा कुठला थेंब प्रवासाचा आणि कुठला घराचा हे ब्रिंडलीलाही सांगता आलं नसतं. प्रवास जास्त लिहावा तर कर वाढतो, घर जास्त लिहावं तर १९९५चा कायदा आठवतो. आयुक्त घटकाभर पंपाकडे बघतो, बहुतेक जण सांगतात तेच ‘साठ-चाळीस’ सांगतो आणि सही करतो.