दोन्ही डोळे एकदम?

पनवेलकरांना डोळ्यांतलं फार कळतं. जुन्या गावात लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट, नवीन पनवेलात शंकरा. शिबिरांतले पेशंट वाड्यावस्त्यांवरून येतात आणि काळा चष्मा लावून ऐटीत परत जातात. आमच्या सोसायटीत साठी ओलांडलेल्या माणसाला ‘झालं का?’ एवढंच विचारतात. काय, ते सांगावं लागत नाही. अशा ठिकाणी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला कुत्रा आणून ठेवणं म्हणजे स्वतःहून सल्लागार मंडळ नेमण्यासारखं होतं.

तो करंजाडेच्या रस्त्यावर दुभाजकाला धडकत फिरायचा. दोन्ही डोळे दुधाळ. कुत्र्यांवर माया करणाऱ्या काही मुलींनी त्याला उचलला, वर्गणी काढली, मुंबईला नेऊन ऑपरेशन करून आणला आणि बायकोला फोन केला, ‘ताई, बरा होईपर्यंत फक्त.’ यातल्या ‘फक्त’वर बायकोनं विश्वास ठेवला नाही, आणि म्हणूनच ताबडतोब हो म्हटलं. कागदावर त्याचं नाव ब्राउनी होतं. रंगानं तो काळाकुट्ट. आईनं दारातच त्याचा बंड्या केला.

पहिल्याच संध्याकाळी तळमजल्यावरचे काका चौकशीला आले. चार वर्षांपूर्वी त्यांचे दोन्ही डोळे झालेत, तेव्हापासून ते डॉक्टरांच्या बरोबरीनं बोलतात.

“कुठला डोळा केला?”

“दोन्ही.”

“एकदम?” काका खुर्चीतून अर्धे उठले. “माझ्या दोन डोळ्यांत महिन्याचं अंतर ठेवलं होतं!”

मी समजावलं की कुत्र्याला पूर्ण भूल द्यावी लागते. ‘वर बघा, हलू नका’ हे ऐकून तो पडून राहत नाही. मग एकाच भुलीत दोन्ही उरकतात. त्याआधी विजेच्या तपासणीनं मागचा पडदा शाबूत आहे का ते बघतात. पडदाच गेला असेल तर पुढची काच बदलून उपयोग काय? रक्तातली साखरही पाहिली होती. कुत्र्यांमध्ये मोतीबिंदूचं ते एक मोठं कारण. बंड्याला मधुमेह नाही म्हटल्यावर काका थोडे हिरमुसले. त्यांना तिथेही सोबत मिळाली असती.

“लेन्स कितीची?” काकांनी शेवटचा पत्ता टाकला. “माझी साडेएकवीस.”

“एक्केचाळीस,” मी कागद बघून म्हणालो.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. कुत्र्याच्या डोळ्याची घडणच निराळी, त्याला साधारण तेवढीच लागते, असं मी सांगून पाहिलं. पण एखाद्याला दुप्पट पेन्शन मिळते हे कळल्यावर त्यामागचा शासननिर्णय कोण वाचतं?

ऑपरेशन मात्र दोघांचं एकाच पद्धतीचं. सूक्ष्म कंपनांनी आतली गढूळ लेन्स फोडायची आणि ओढून घ्यायची. न्यूयॉर्कच्या डॉ. चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली ही रीत आणली. कल्पना सुचली ती दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसलेले असताना, दात साफ करायच्या यंत्रावरून. हे ऐकून आई म्हणाली, “बघ. मी तुला कधीची सांगतेय, दात दाखवून ये.”

खरी परीक्षा पुढेच होती. बरोबर आलेल्या सूचना अशा: डोळे खाजवू देऊ नका, गळ्यात पट्टा बांधू नका, कारण मानेवर ताण आला की डोळ्यातला दाब वाढतो. आंघोळ नाही. उड्या नाहीत. शक्यतो भुंकू देऊ नका. कुत्र्यानं शक्यतो भुंकू नये! सकाळी खाली भंगारवाला ओरडतो, शेजारी कुकरच्या शिट्ट्या चालू होतात, गॅलरीच्या कठड्यावर कावळा येऊन बसतो आणि आत बघतो. आम्ही घरातली माणसंच शक्यतो भुंकत नव्हतो, हेच पुष्कळ होतं. त्यात पावसाळा. पनवेलचा पाऊस आडवा येतो. अंघोळबंदी असलेलं भिजकं कुत्रं बंद घरात काय करू शकतं ते लिहिण्यापेक्षा सोडून द्यावं.

गळ्याभोवती प्लॅस्टिकचं भलंमोठं नरसाळं. त्याची कड बरोबर माणसाच्या पोटरीच्या उंचीला येते. बंड्या मागून प्रेमानं आला की ‘टॉक’ असा आवाज होऊन आपण पुढे ढकलले जातो. दाराच्या चौकटीत अडकला की तो मागे सरत नसे. चौकट सरकेल म्हणून थांबायचा.

थेंबांचं खातं आईकडे गेलं. तिच्या ऑपरेशनच्या वेळचा तक्ता फ्रिजवर अजून होताच. तिनं वरचं स्वतःचं नाव खोडलं आणि बंड्याचं घातलं. गुलाबी झाकणाची बाटली, मग पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. मग पांढऱ्या झाकणाची. हनुवटी वर करून, मागच्या बाजूनं हात आणून थेंब सोडायचा, म्हणजे बाटली दिसत नाही. आईचा हात एकदाही हलला नाही. तोंड मात्र चालू होतं. “माझ्या वेळी तू सुट्टी घेतली नव्हतीस.” मी म्हणालो, “आई, तू डोळे खाजवत नव्हतीस.” “तुला काय माहीत? तू कुठे होतास?”

हळूहळू बंड्याला स्पष्ट दिसू लागलं आणि घराची घडी बिघडली. नजर धूसर होती तोवर त्याला सगळं जग मान्य होतं. आता त्यानं पहिल्यांदा छताकडे पाहिलं. तिथे पंखा फिरत होता. हा प्रकार इतके दिवस डोक्यावर चालू होता आणि कुणी बोललं नाही, अशा नजरेनं त्यानं आमच्याकडे एकेक करून पाहिलं. जिन्यातल्या मांजरीशेजारी तो रोज निवांत बसायचा. ती मांजर आहे हे दिसल्यावर दोघांनाही फार अवघडल्यासारखं झालं. मी हौसेनं लाल चेंडू आणला. कुत्र्यांना निळा आणि पिवळा कळतो, लाल त्यांना मातकट दिसतो, त्यामुळे वडाळे तलावाच्या हिरवळीवर तो चेंडू मला एकट्याला दिसत होता. आणायलाही मीच जात होतो.

मग खारघरचं एक जोडपं त्याला दत्तक घ्यायला आलं. चांगली माणसं, मोठा फ्लॅट. पण आमच्या दिवाणखान्यात सल्लागार मंडळ आधीच येऊन बसलं होतं.

“तुमच्याकडे कुणाचा मोतीबिंदू झालाय?” काकांनी विचारलं.

“नाही हो. आईबाबा अजून पन्नाशीतच आहेत.”

“मग थेंब कोण घालणार?” आई म्हणाली, आणि पोह्यांच्या बशा उचलल्या.

दत्तकपत्रावर सही बायकोनं केली, साक्षीदार म्हणून काकांनी. त्यांनी चष्मा न लावता केली आणि ते सगळ्यांना दाखवलं.

राहता राहिले सेक्रेटरी. ‘आवारात भटकी कुत्री आणण्यास सक्त मनाई आहे’ ही लिफ्टशेजारची पाटी त्यांचीच. ते दोनदा जिना चढून आले, बंड्यानं दोन्ही वेळा नरसाळ्यासकट त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. दुसऱ्या वेळी त्यांनी हळूच विचारलं, शंकराची ओपीडी सकाळी किती वाजता उघडते? त्यांनाही हल्ली दिव्याभोवती वलयं दिसतात. दुसऱ्या दिवशी पाटीखाली निळ्या पेनानं वाढवलेली ओळ होती: ‘नेत्ररुग्ण वगळून. – सेक्रेटरी.’