झाकला मिक्सर सव्वा लाखाचा

ऐकलंत का? सी विंगच्या वहिनींनी नवं किचन केलंय आणि त्यात एकाही कपाटाला कडी नाही, मूठ नाही, हँडल नाही. नुसती सपाट भिंत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलेल्या बायका पाणी प्यायला आत शिरल्या, तर फुलपात्र कुठे ते कुणाला कळेना. एकीने इथे दाबलं, दुसरीने तिथे ढकललं, तिसरीने तर ‘तिळा तिळा दार उघड’सुद्धा म्हणून पाहिलं. शेवटी वहिनी आल्या, फळीवरच्या खाचेत बोटं घातली आणि अख्खा खण सुळकन बाहेर! त्या खाचेला गोला प्रोफाइल म्हणतात म्हणे. ॲल्युमिनियमची पन्हळ असते ती, ओट्याच्या खाली आडवी बसवलेली. ओटा पुसताना कणीक, साखर, कोथिंबिरीची काडी, सगळं तिच्यात जाऊन बसतं आणि मग जुना टूथब्रश घेऊन ते उकरावं लागतं. हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतेय.

बरं, तो खण बंद करून बघा. आवाज नाही! सॉफ्ट क्लोज. कितीही जोरात ढकला, शेवटच्या दोन बोटांवर आला की आतला दट्ट्या त्याला धरतो आणि हळूच मिटवतो. आता मला सांगा, मराठी संसारातलं निम्मं बोलणं भांड्यांनी आणि कपाटांनीच केलंय की नाही? सासूबाईंचं पटलं नाही की ताटाळं खणखणायचं. नवरा न सांगता चार मित्र घेऊन आला की फडताळाचं दार असं आपटायचं की चहा किती वेळाने येणार, ते बाहेरच्या चौघांना बरोबर समजायचं. आता बाई भडकून दार भिरकावते आणि ते दार लाजत-मुरडत जागेवर जातं. तिचा राग हातातच राहतो. ऑस्ट्रिया-जर्मनीच्या कंपन्यांच्या या बिजागऱ्या, आणि आपलं तोंड बंद करायला वर जादा पैसे मोजायचे आपणच.

हे हँडलचं आणि आवाजाचं किरकोळ वाटेल तुम्हाला. पण नीट बघा, हल्लीच्या किचनची सगळी फॅशन एकाच दिशेने धावतेय: आत स्वयंपाक होतो, याचा पुरावा म्हणून राहता कामा नये.

मिक्सरचंच घ्या. साठच्या दशकात देशी ‘सुमीत’ आला, आपलं ओलं खोबरं आणि भिजलेली डाळ वाटू लागला आणि पुढे घरोघरी ओट्यावर मानाने बसला. त्याला झालरीचं कव्हर असायचं, दसऱ्याला झेंडूचं फूल असायचं. शेजारीण आली की तिला तो आधी दिसायचा, मग घरातली माणसं. आज त्याच मिक्सरला ओट्यावर बसायला बंदी. त्याच्यासाठी वर सरकणाऱ्या शटरचा एक खोपा करतात आणि त्याला म्हणतात अप्लायन्स गॅरेज. गॅरेज! आमच्या सोसायटीत पार्किंगवरून वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत, लोकांच्या चारचाक्या रात्रभर रस्त्यावर टोइंगवाल्यांच्या दयेवर उभ्या असतात, आणि मिक्सरला स्वतंत्र गॅरेज. त्यात टोस्टर, इलेक्ट्रिक किटली आणि तो एअर फ्रायर. एअर फ्रायरमधल्या साबुदाणा वड्याबद्दल मी काही बोलणार नाही. उपासाच्या दिवशी कुणाबद्दल वाईट बोलू नये.

रंगांचं तर विचारूच नका. आत्ता-आत्तापर्यंत चकचकीत ॲक्रिलिकचा जमाना होता, लाल-पांढरं, तोंड बघून घ्यावं इतकं चमकतं. आता चकाकणं म्हणजे अगदीच गावंढळ. आता सगळं मॅट: बेज, कॉफीचा दुधाळ रंग, आणि सगळ्यांची लाडकी सेज ग्रीन. अळूचं पान आठवडाभर फ्रिजमध्ये विसरल्यावर जसं दिसतं, तो रंग. वरच्या कपाटांना उभ्या रेघांची फ्लूटेड काच, म्हणजे आतल्या डब्यांची आकृती कळावी पण ओळख पटू नये. आणि लॅमिनेट कसलं, तर अँटी-फिंगरप्रिंट. बोटांचे ठसे उमटू नयेत याची इतकी काळजी आजवर फक्त चोरच घेत आलेत.

बाहेरच्या रंगावर महिना-महिना खल होतो. आत प्लाय कुठला घातलाय हे विचारणारं माणूस विरळा. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात जाऊन ‘सातशेदहा दाखवा’ म्हणा, दुकानदार लगेच खुर्ची पुढे करेल. सातशेदहा म्हणजे मरीन प्लायचा भारतीय मानक क्रमांक, आयएस 710. उकळत्या पाण्यातही त्याचे थर सुटत नाहीत, अशी त्याची परीक्षा. निदान सिंकखालच्या खोक्याला तरी तो हवाच. तिथे स्वस्तातला पार्टिकल बोर्ड लावलात तर पाइप गळायचा अवकाश, तळ फुगून येतो आणि ती सेज ग्रीन दारं एकमेकांशी बोलेनाशी होतात. पण प्लाय फोटोत येत नाही, म्हणून त्याच्यावर चर्चा नाही.

आणि ओटा! कडप्प्याचा ओटा आठवतो ना? काळा, थंडगार, कडा थोड्या झिजलेल्या. त्यावर कढई ठेवा, कुकर आदळा, नारळ फोडा, तो हूं की चूं करायचा नाही. मग काळा ग्रॅनाइट आला, तोही तसाच सोशीक. आता हवा पांढराशुभ्र क्वार्ट्झ, मधून करड्या शिरा, इटलीचा संगमरवर वाटावा असा. हा क्वार्ट्झ खाणीतून लादीच्या रूपात निघत नाही. गारगोटीचा चुरा साधारण 90 टक्के आणि बाकीचं मुख्यतः राळ, रेझिन, असं एकत्र दाबून कारखान्यात त्याच्या लाद्या पाडतात. त्या राळेला उष्णता सोसत नाही. गॅसवरून उतरवलेली कढई थेट टेकवली की पिवळट डाग पडलाच म्हणून समजा. म्हणजे ज्या ओट्यावर गरम भांडं ठेवायचं नाही, तो ओटा आपण स्वयंपाकघरात बसवतो आणि मग त्याच्यावर लाकडी पाट ठेवून पाटावर कढई ठेवतो. हळद सांडून राहिली तर बोलायलाच नको. हळदीचा डाग उन्हात उडतो, हे आपल्याला साडीवरून माहीत आहे. पण ओटा दोरीवर वाळत कसा घालायचा?

चेष्टा जरा बाजूला ठेवून एक सांगते. हा क्वार्ट्झ कोरडा कापला की सिलिकाची बारीक धूळ उडते, ती फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियात ऐन उमेदीतले कारागीर यात सापडले, तेव्हा त्या देशाने 1 जुलै 2024 पासून असा दगड बनवायला, विकायला, बसवायला सरळ बंदीच घातली. आपल्याकडे जिन्याच्या चौकात तोंडाला रुमाल बांधून एक पोरगा ग्राइंडर चालवत असतो आणि आपण धूळ आत येते म्हणून दार लावून घेतो. रुमालाने काही होत नाही. पाणी सोडत कापायला लावा, त्याला नीट मास्क द्या, आणि जमलं तर ग्रॅनाइटच घ्या. त्यातही सिलिका असतेच, पण बरीच कमी.

असो. तर चिमणी.

आधी काय केलं, तर हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत पाडली. ओपन किचन! मग लक्षात आलं की फोडणी आता थेट सोफ्यावर येऊन बसते. म्हणून त्या भिंतीचं काम करायला यंत्र आणलं. तासाला 1200 घनमीटर हवा ओढणारी चिमणी, जाहिरातीत तरी तेवढी. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे स्वयंपाकघर निदान 5 चौरस मीटरचं हवं. बिल्डरांनी हा आकडा अगदी मनापासून पाळलाय, एक इंच जास्त नाही. नऊ फूट उंचीच्या तेवढ्या खोलीतली सगळी हवा हे यंत्र पाऊण मिनिटात बाहेर फेकेल. हिंगाची फोडणी बसते न बसते तोच खिडकीतून कावळ्यांच्या स्वाधीन. पूर्वी जिन्यातच कळायचं आज कुणाकडे वांगं भाजलंय, कुणाकडे सुकट. आता दोन-दोन महिने शेजारी काय खातात ते समजत नाही. असं असताना सोसायटीत एकोपा कसा राहायचा?

डी विंगमध्ये एकांनी वॉटरफॉल सिंक बसवलंय, तेवढं सांगून पुढे जाते. पियानोसारखी बटणं, एक दाबलं की धबधबा, दुसरं दाबलं की कारंजं, वर पाण्याचं तापमान आकड्यात. खाली टँकरवाला तिसऱ्या खेपेचे पैसे मागत उभा आहे.

पण खरी बातमी पुढेच आहे. हल्लीच्या मोठ्या फ्लॅटांना दोन-दोन स्वयंपाकघरं असतात! बाणेर-बालेवाडीकडच्या ब्रोशरांत बघा: ड्राय किचन, वेट किचन. ड्राय म्हणजे हॉलला लागून असलेलं, मधोमध आयलंड, त्यावर तीन लोंबते दिवे, एका काचेच्या वाडग्यात सात लिंबं. ही लिंबं पिळायची नसतात. तिथे फार तर कॉफी होते. वेट म्हणजे मागचं, दाराआडचं, जिथे खरोखर कांदा चिरला जातो. हत्तीचे दाखवायचे दात तरी एकाच तोंडात असतात हो! आणि ज्यांच्याकडे दोन किचनची ऐपत नाही, त्यांनी ड्राय बाल्कनी कामाला लावलीये. वॉशिंग मशीन आणि मोरीच्या मधल्या पट्टीत दुसरी शेगडी, तिथे मासे, तिथे चकल्या, तिथेच पोळ्या. पोळ्यांच्या मावशी त्या बोळकांडीत तिरक्या उभ्या राहून वीस-वीस पोळ्या लाटतात आणि आतलं साडेसात लाखांचं किचन गार पडलेलं असतं.

या मावशींना कुणी विचारलं होतं का? डिझायनर होती, नवरा होता, लॅपटॉपवर थ्रीडी चित्र होतं, वास्तूवाले आग्नेय दिशा घेऊन आले होते. जिला रोज दोन तास उभं राहायचंय तिची उंची मात्र कुणी मोजली नाही. ओटा मालकीणबाईंच्या मापाचा. मावशी चौरंगावर उभ्या राहून लाटतात.

आता तुम्ही म्हणाल, पूर्वी कुठे विचारत होते? तर ऐका, हे मॉड्युलर प्रकरण सुरू कुठून झालं ते. 1926 मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या व्हिएन्नाच्या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या सरकारी वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जेमतेम सहा फूट रुंद. कामाची पावलं मोजून, हाताच्या टप्प्यात सगळं. तशी सुमारे दहा हजार बसवली गेली आणि आजची सगळी बांधीव किचनं त्याच्याच वंशातली. आणि या बाईंनीच पुढे सांगून टाकलं की ते आखेपर्यंत त्यांनी कधी स्वयंपाकच केला नव्हता! अगदी कपाळाला हात लावला मी. पण मग त्या किचनचे फोटो पाहिले आणि निमूट बसले. डाळ-तांदळासाठी ॲल्युमिनियमचे छोटे खण, प्रत्येकाला मागे धरायला मूठ आणि पुढे ओतायला चोच. पिठाचा खण ओकच्या लाकडाचा, कीड लागू नये म्हणून. बसून भाजी चिरायला स्टूल, आणि चिरायच्या फळीत कचरा लोटायला खाच. स्वयंपाक न येणाऱ्या बाईला हे सुचलं, आणि आमच्या डिझायनरला, जिच्या इन्स्टाग्रामवर रोज नवी पास्ता रेसिपी असते, तिला मिसळणाचा डबा कुठे ठेवायचा ते सुचलं नाही. तो आता बॉटल पुलआउटमध्ये आडवा राहतो. मोहरी आणि हळद यांचं लग्न लागलंय.

उलट फेकून दिलेल्या वस्तू मात्र परत येताहेत. तांबट आळीतून तांब्याची घागर आणतात, पाणी भरायला नव्हे, शेल्फवर ठेवून तिच्यावर दिवा मारायला. पाटा-वरवंटा बाल्कनीत, वर मनीप्लँट. बिडाचा तवा तेवढा खरोखर वापरात आलाय, आणि डोसे चांगले होतात त्यावर, ते मान्य करायला हवं.

हे खूळ आपल्यापुरतंच आहे असं समजू नका. कॅनडात ब्रॅम्प्टनला आमच्या चुलत नणंदेची मुलगी असते. तिकडे बिल्डरच ‘स्पाइस किचन’ देतो, मोठ्या किचनच्या मागे, दार आणि एक्झॉस्ट पंख्यासकट, खास आपल्यासारख्या फोडणीवाल्यांसाठी. मोठ्यात ती सकाळचं सीरिअल खाते, मागच्यात वरण-भाजी करते. पण बोंबील? बोंबलाचा वास दाराखालून येतोच. म्हणून बोंबील तळायला तिने गॅरेजमध्ये इंडक्शन नेलंय. खरं गॅरेज, मिक्सरचं नव्हे. उणे दहामध्ये अंगात पार्का, पायात बूट, हातात झारा, आणि शेजारी जावयाची गाडी. गाडीची काच थोडी उघडी राहिली होती म्हणे मागच्या रविवारी. सोमवारी त्याने साहेबाला एअरपोर्टवर सोडलं. वाटेत साहेब काय म्हणाला, ते पोरगी काही केल्या सांगत नाही. दिवाळीत येतेय इकडे, तेव्हा काढून घेते तिच्याकडून.