दाजी, काका आणि विंडोज एक्सपी

खानदेशात लग्नपत्रिका छापणाऱ्या माणसाला विंडोज एक्सपी सोडवत नाही. मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजी तिच्यावरचा हात काढून घेतला, पण पारोळ्याचं गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणतं, "मोठीनी छापेल व्हती तशीच पाहिजे, भाऊ." ती 'तशीच' पत्रिका असते पेजमेकर 7 मध्ये, जुन्या मराठी फॉन्टात. नव्या कॉम्प्युटरवर उघडली की 'चि. सौ. कां.'च्या जागी डॉलर आणि टक्के उमटतात. एका नवरीच्या नावात तर चक्क पौंडाचं चिन्ह आलं. वरपक्षाचा आकडा वाढला की काय, असं वाटावं.

त्यात फॉन्टला डाँगलचं कुलूप. त्याचा ड्रायव्हर 32-बिट, आणि 64-बिट विंडोज तो आत घेत नाही. म्हणजे विंडोज 11 च्या पोटात व्हर्च्युअल मशीन करून त्यात एक्सपी चालवणं आलं. पण कशात?

1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. आमच्या घरात ते भांडण अजून चालू आहे. धुळ्याचा शालक, त्याचाही हाच धंदा, व्हीएमवेअरच्या बाजूचा. "दाजी, 1999 पासूनचा माल आहे आणि आता धंद्यालाही फुकट." जळगावातला पुतण्या म्हणे, "काका, व्हर्च्युअलबॉक्स घ्या. ओपन सोर्स आहे."

"स्थळाची चौकशी केली का? आधी इनोटेक, 2008 ला सन, 2010 ला ओरॅकल. तिसरं घर चालू आहे!"

"आणि तुमचं? ईएमसी, मग डेल, 2023 ला ब्रॉडकॉम!"

पत्रिका छापून छापून दोघांची जीभ अशी झाली आहे. शेजारच्या टॅक्सवाल्याने हायपर-व्ही सुचवलं. ते विंडोजच्या होम आवृत्तीत नसतं आणि यूएसबीतलं डाँगल आत पोचू देत नाही, म्हणून तिथेच कटाप.

वेगाची तुलना मला फिजूल वाटते. एक्सपी 512 एमबीत सुखाने नांदते. मे महिन्यात पारा 44 वर आणि लाईट गेलेली असताना यूपीएस कण्हू लागला, की चालू मशीन आहे तसं थिजवून ठेवता येतं का, हे बघायचं. दोन्हींत येतं. म्हणून मी डिस्क व्हीएमडीके प्रकारची केली, ती दोघांनाही चालते. पुतण्याला सांगितलं, तुझंच घेतलं. तीच फाईल पेनड्राइव्हवर धुळ्याला दिली आणि शालकालाही तेच सांगितलं.

अख्खं मशीन असं उचलून नेता येतं. डाँगल मात्र एकच. त्यामुळे लग्नसराईत ते कुणा ओळखीच्या माणसाच्या खिशातून एसटीने जळगाव-धुळे करतं. आत्ता ते एरंडोलच्या पुढे असावं. तो माणूस फोन उचलत नाही, आणि पारोळ्याचं गिऱ्हाईक दुसरा चहा संपवून विचारतंय, "नाव बदलाले एवढा येळ?"