सायकल हातात धरून चालणारे बोळकर

पुण्याच्या पेठांत सकाळी सातच्या आत एक गृहस्थ सायकलला फिरवून आणताना दिसतात. दर पेठेत असा एक असतोच. सोयीसाठी त्यांना बोळकर म्हणू. पँटला क्लिप, कॅरिअरला कापडी पिशवी, पिशवीत टॉर्च. कोथिंबीर आणायला टॉर्च कशाला, हे त्यांच्या घरात आता कुणी विचारत नाही.

सायकलवर ते बसतात क्वचित. टांग मारली की वीस पावलांवर एखादी भिंत लागते. तिच्यावर हात ठेवून म्हणतात, “पाणी इथपर्यंत होतं.” आपण फुटका नळ शोधायला लागतो, ते 12 जुलै 1961बद्दल, पानशेतचं धरण फुटलं त्या दिवसाबद्दल बोलत असतात.

त्यांना पत्ता मात्र विचारू नये. एटीएम विचारणाऱ्या एका मुलाला त्यांनी जिलब्या मारुतीवरून पासोड्या विठोबाकडे धाडलं. वाटेतले देव सगळे जागेवर होते, एटीएम केव्हाच बंद पडलं होतं.

कात्रजचा विषय निघाला की कोथिंबीर गेलीच. नानासाहेब पेशव्यांनी 1750च्या सुमारास कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार! पेठांतून हौद, वाटेत हवा सुटायला उच्छ्वास. हे सांगताना बोळकरांचा रुबाब असा, की गवंड्यांची मजुरी जणू यांनीच चुकती केली. त्यांच्या सोसायटीत गुरुवारी पाणी नसतं. टँकरच्या मीटिंगला ते जात नाहीत; तेव्हा कुठल्याशा पार्किंगमागे वाकून उभे असतात. वॉचमन हटकतो. “उच्छ्वास बघतोय,” म्हटल्यावर तो आधी त्यांच्या नाकाकडे बघतो.

पण माणूस थापाड्या नाही. परवा भाचा आला, गिअरची सायकल, हेल्मेट, मनगटावर किलोमीटर मोजणारं घड्याळ. त्याला सिंहगडाचा पायथा गाठायचा होता.

“गेंडा बघतोस?”

“मामा, कात्रजच्या झूमध्ये?”

“सोमवार पेठेत.”

नागझरीकाठी त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे. बांधायला घेतलं 1754मध्ये, पुरं झालं 1770मध्ये. आत तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलेला, आणि बाहेर दर्शनी भिंतीवर गोरे शिपाई चक्क गेंड्याला साखळदंड घालताहेत. पेशव्यांच्या पुण्यात हे कोरलं कुणी, का? इंग्रजांनी बंगाल घशात घातला त्याची ही खूण, असं जाणकार सांगतात. त्या गेंड्यापुढे मला तरी शनिवारवाडा फिका वाटतो.

भाचा हेल्मेट काढून पुढे झाला. गेंड्याचं शिंग, शिपायाची बंदूक, पुन्हा गेंडा. फोटो काढायचंही त्याला सुचलं नाही. एवढ्यात मनगटावर टुणटुण झालं.

“काय म्हणतंय ते?” बोळकरांनी विचारलं.

“विचारतंय, व्यायाम संपला का?”

“त्याला सांग, आत्ता कुठे 1770 उजाडलंय.”