बाटली आडवी, बिल उभं

"काय गं, परत खोदलं?"

"बघा ना काकू! मार्चात ब्लॉक बसवले, आता तेच उपसून फाटकाशी ढीग लावलाय. स्कूटर काढायला जागा नाही. विचारलं तर म्हणे, कुंभमेळ्याचं पाइपाचं काम."

"आपल्या गल्लीतून कुठला आखाडा जाणारे?"

"तेच म्हणते मी! ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026ला, पहिलं अमृतस्नान 2027च्या ऑगस्टात. तोवर नाशकात जे खोदाल ते कुंभाच्या नावावर."

"ती मेथी दे इकडे, निवडू लागते. हिशोब मागायचा म्हणशील तर आमची बॉस्टनची भाची सांगत होती, तिथे मतपत्रिकेवर उमेदवारांबरोबर प्रश्नही छापतात. 2024च्या नोव्हेंबरात मॅसॅच्युसेट्समध्ये पहिलाच प्रश्न होता, राज्याच्या ऑडिटरनं विधिमंडळाचंच ऑडिट करावं का? शंभरातल्या सत्तरांहून जास्त लोकांनी 'हो' केलं."

"मग झालं ऑडिट?"

"कुठलं! पुढारी म्हणाले, हे घटनेत बसत नाही. डायना डिझोग्लिओ नावाच्या ऑडिटरबाई, त्या भांडत बसल्या."

"म्हणजे आमदार इथूनतिथून सारखेच. पण निदान लोकांना विचारलं तरी!"

"आपल्याकडे विचारतात की. दारूच्या दुकानासाठी नाही का, उभी बाटली की आडवी? पंचवीस टक्के बायकांनी सह्या दिल्या की गुप्त मतदान. एकूण मतदारांतल्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली की दुकान बंद."

"बाटली आडवी करता येते, खोदकामाचं बिल नाही!"

"बिल अडवणार कोण होतं गं? मार्च 2022मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक झाली थेट 15 जानेवारी 2026ला. मधे सगळा प्रशासकाचा कारभार. स्थायी समितीही तेच, महासभाही तेच. सासूनंच भाजी आणायची न् सासूनंच हिशोब तपासायचा."

"त्याआधी नगरसेवक होते तेव्हा तरी काय दिवे लावले?"

"ते खरं. पण एकमेकांवर ओरडायचे, म्हणून आपल्याला पेपरात कळायचं तरी. हल्ली आमच्या ह्यांनी माहिती अधिकाराचं वेड घेतलंय. अण्णा हजाऱ्यांनी रान उठवलं म्हणून तो कायदा महाराष्ट्रात 2002लाच आला, दिल्लीचा त्यानंतर तीन वर्षांनी. दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट, विषय एकच, मजकूर 150 शब्दांत."

"150 शब्दांत मी रागावूसुद्धा शकत नाही!"

"रागवायचं नाहीच, कागद मागायचे. वर्कऑर्डर, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका. चालू कामाची पाहणी करता येते, मालाचा नमुनाही मागता येतो. खरं विचारायचंय ते एवढंच, ब्लॉक परत बसवायचे पैसे ह्याच पाइपवाल्याच्या बिलात धरलेत की त्याचं नवं टेंडर निघणारे?"

"अय्या, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि उत्तर नाही दिलं तर?"

"तीस दिवस वाट बघायची, मग वीस रुपयांत पहिलं अपील. तिकीट आमच्याकडे आहे, अर्ज हे लिहून देतील. फक्त ह्यांचं नाव दिसलं की हल्ली त्या ऑफिसात कुणी मान वर करत नाही. तेव्हा या वेळी सही तू कर."